उत्कृष्ट सुटा भाग

शुक्रवारी दुपारी चारच्या सुमारास बारीकराव दातांच्या दवाखान्यामागच्या लॅबमध्ये बसून एका सुपरहीरोचं मनगट घासत होते. पगार मिळायचा तो कवळ्या घासण्याचा. पण दिवसाची शेवटची कवळी घासून, चमकवून तयार झाली होती आणि सुटायला अजून तासभर होता. तेवढ्या वेळात कुणाचं काही बिघडत नाही, अशी त्यांनी स्वतःची समजूत घालून घेतली होती. डॉक्टरीणबाईंचं मत वेगळं होतं. लॅबमधलं मेण, मशीन आणि अ‍ॅक्रिलिक फक्त पेशंटच्या तोंडासाठी वापरायचं, हे त्यांनी एकदा तोंडी सांगितलं होतं आणि मग कागदावर लिहून भिंतीला चिकटवलं होतं. बारीकराव त्या कागदाकडे पाठ करून बसले होते.

बारीकराव हे नाव त्यांना याच लॅबमध्ये पडलं. अंगाने ते चांगले भरलेले होते. बारीक होतं ते त्यांचं काम. बावीस वर्षं ते दात बनवत होते आणि केसाएवढा फरकही त्यांच्या नजरेतून सुटत नसे. घरी हीच नजर त्यांनी छंदाला जुंपली होती. बैठकीच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात त्यांचे एकतीस सुपरहीरो उभे होते. प्रत्येक जण दीड वीत उंच, अंगावर खरोखरचे शिवलेले कपडे, खऱ्या बटणांचे कोट, आणि डोळे असे रंगवलेले की पाहुण्यांना त्यांच्यासमोर चहा प्यायला संकोच वाटावा. त्यांना बाहुले म्हटलेलं बारीकरावांना खपत नसे. फिगर म्हणायचं. या फिगरांची धूळ ते सुती हातमोजे घालून मेकअपच्या ब्रशने झटकत. दमट हवा लागू नये म्हणून कपाटात ओल शोषणाऱ्या पुड्या ठेवत, उन्हाने रंग विटू नये म्हणून पडदा ओढत, आणि सांधे आखडू नयेत म्हणून दर तीन महिन्यांनी प्रत्येकाचे हातपाय हलक्या हाताने फिरवून देत.

"माझ्या गुडघ्यांची इतकी विचारपूस आजवर कुणी केलेली नाही," असं त्यांची बायको म्हणे. पण म्हणून ती कपाटाला हात लावत नसे, आणि तिचा मेकअपचा ब्रश परत मागत नसे. बारीकराव त्याबद्दल तिचे मनातल्या मनात आभार मानत.

एकतीस जणांतला लाडका होता जांभळ्या. त्याचं परदेशी नाव घरात कुणाच्याच जिभेवर बसेना, म्हणून जांभळ्या कोटावरून हे नाव पडलं. जांभळ्यासोबत एक जादा मुठींची जोडी आली होती, बदामाएवढ्या दोन आवळलेल्या मुठी, त्यावर जांभळे हातमोजे आणि हातमोज्यांवर शिवण. त्यातली उजवी मूठ बुधवारी साफसफाईत मनगटाच्या खुंटीपासून मोडली. आणि शनिवारी तर प्रदर्शन होतं. संग्राहकांचा गट वर्षातून एकदा ते भरवायचा, आणि बारीकरावांना यंदा प्रथमच त्यात जागा मिळाली होती. गटात सगळी मोठी माणसं. अध्यक्ष वास्तुविशारद, एक जण विमान चालवणारा, एक जण वकील. त्यांच्यापुढे कवळीचं नाव काढायला बारीकरावांची जीभ रेटली नव्हती. "मी मेडिकल मॉडेलिंगमध्ये आहे," असं ते पहिल्या दिवशी बोलून गेले होते आणि तेव्हापासून ते शब्द निस्तरत होते.

पावणेपाचला खुंटी तयार झाली. हिरडीचं अ‍ॅक्रिलिक वापरल्यामुळे ती गुलाबी दिसत होती, पण खुंटी मागे करून मूठ मांडली की ती कुणाला दिसणार नव्हती. बारीकरावांनी दोन्ही मुठी कवळीच्या निळ्या डबीत, कापसावर ठेवल्या. तसल्याच दुसऱ्या निळ्या डबीत क्लॅरिनेटकाकांची कवळी होती.

क्लॅरिनेटकाका हे शहराच्या वाद्यवृंदातले वादक. चाळीस वर्षं क्लॅरिनेट वाजवून शनिवारी संध्याकाळी सहा वाजता ते निवृत्त होणार होते, आणि निरोपाच्या त्या कार्यक्रमात एक अख्खी रचना त्यांची एकट्याची होती. क्लॅरिनेट वाजवायला वरचे दात लागतात. वाद्याचं तोंड त्यांच्यावर टेकवावं लागतं. काकांची नवी कवळी गुरुवारी बसवून झाली होती, फक्त एका कोपऱ्याला टोचत होती. तेवढा कोपरा घासून ती शुक्रवारी संध्याकाळी त्यांना परत द्यायची, असं ठरलं होतं.

निघताना बारीकरावांनी दोन्ही डब्या रिसेप्शनच्या काउंटरवर ठेवल्या, कारण कोट चढवायला दोन्ही हात लागत होते. खाली अध्यक्षांची गाडी रस्त्यातच उभी होती आणि मागच्या गाड्या भोंगे वाजवत होत्या. जांभळ्याला आणि त्याच्या मुठींना अध्यक्ष स्वतः घेऊन जाणार होते. काउंटरच्या पलीकडून रिसेप्शनच्या ताईंनी विचारलं, यातली काकांची कुठली. बारीकराव बाहीत हात अडकलेल्या अवस्थेत म्हणाले, "उजवीकडची." ती त्यांच्या उजवीकडची होती. ताई त्यांच्यासमोर, तोंड त्यांच्याकडे करून बसल्या होत्या. त्यांनी आपल्या उजवीकडची डबी उचलून बाजूला ठेवली. बारीकरावांनी उरलेली उचलली, जांभळ्याचा खोका काखेत मारला आणि जिना उतरले. सुटे भाग या डबीत आहेत, ते फिगरच्या पुढ्यात मांडा, एवढं त्यांनी गाडीच्या खिडकीतून सांगितलं. अध्यक्षांनी मान हलवली. मांडणी ते स्वतःच करत आणि तेव्हा कुणालाही आत येऊ देत नसत.

पुढे काकांच्या घरी काय झालं, ते बारीकरावांना नंतर काकूंकडून समजलं. काकांनी डबी उघडली तर आत दोन जांभळ्या मुठी. त्यांनी त्या चष्मा लावून पाहिल्या, चष्मा काढून पाहिल्या. मग दवाखान्याला फोन लावला. तोंडात एकही दात नव्हता. ते म्हणाले, "मुठी आल्यात हो." ताईंच्या कानावर पडलं, "मोठी आली हो." नवी कवळी घेणारा प्रत्येक पेशंट पहिल्या दिवशी हेच म्हणतो, आणि त्यावर काय सांगायचं ते ताईंना पाठ होतं. सुरुवातीला तसंच वाटतं, थोडा थोडा वेळ तोंडात ठेवून बसा, सवय होईल, झोपताना पाण्यात घालून ठेवा.

काका आयुष्यभर कंडक्टरच्या काठीकडे बघून वाजवत आलेले. सांगितलेलं ऐकणं त्यांच्या रक्तातच होतं. त्यांनी एक मूठ या गालात आणि एक त्या गालात धरली आणि घड्याळ लावून दहा मिनिटं बसले. गिळाल, गिळाल, म्हणून काकू समोर उभ्या. पण गाल मात्र छान भरून आल्याचं त्यांनाही मान्य करावं लागलं. नंतर काकांनी क्लॅरिनेट ओठाला लावून पाहिलं. हवा आली, सूर आला नाही. सवय झाली की येईल, असं म्हणून त्यांनी मुठी काचेच्या वाडग्यात पाणी घालून ठेवल्या.

शनिवारी दुपारी तीन वाजता तो वाडगा दोन्ही हातांत धरून काका दवाखान्यात आले. काळा कोट, गळ्याला बो, बगलेत क्लॅरिनेटची पेटी. ताईंनी वाडग्यात डोकावून पाहिलं आणि बारीकरावांना बोलावून आणलं. बारीकरावांनीही पाहिलं. गुलाबी खुंटी पाण्यात स्वच्छ दिसत होती.

मुठी इथे आहेत, म्हणजे दात कुठे आहेत, हे त्यांना एका क्षणात कळलं. काका मात्र शांतपणे सांगत होते. दात नसलेल्या माणसाचं बोलणं इतरांना समजत नाही. बारीकरावांचा त्यात बावीस वर्षांचा सराव होता. काका म्हणत होते की आपण सगळं सांगितल्याप्रमाणे केलं, चूक आपलीच असेल, पण सहा वाजता कार्यक्रम आहे आणि सूर लागत नाही. आणि तुम्ही सगळ्यांनी एवढी काळजी घेतलीत त्याबद्दल आभार.

या आभारांनी बारीकराव जास्त खचले. काकांनी शिव्या दिल्या असत्या तर काहीतरी सबब सांगून त्यांनी मागच्या मागे पळ काढला असता. ते सरळ डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेले. बाई एका पेशंटच्या तोंडात कापूस भरत होत्या.

"काकांचे दात माझ्या चुकीने दुसरीकडे गेले," बारीकराव म्हणाले.

"कुठे?"

"प्रदर्शनात."

बाईंनी तोंडावरचा मास्क खाली केला. "आणि काकांकडे काय गेलं?"

"मुठी."

"कुणाच्या?"

"जांभळ्याच्या," असं बारीकराव म्हणाले, आणि तेवढ्याने भागणार नाही हे दिसल्यावर त्यांनी सगळं सांगितलं. अ‍ॅक्रिलिकसुद्धा सांगितलं. खुर्चीतला पेशंट तोंड उघडं ठेवून ऐकत होता.

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. "आधी दात आणा. मुठींचं नंतर बघू."

टॅक्सीत काका मागे वाडगा मांडीवर घेऊन बसले. तो दवाखान्यात ठेवून या म्हटलं तर, दुसऱ्याची वस्तू आहे, हातातच राहू द्या, म्हणाले. प्रत्येक वळणावर थोडं पाणी त्यांच्या काळ्या पँटवर सांडत होतं आणि प्रत्येक वेळी ते टॅक्सीवाल्याची माफी मागत होते.

प्रदर्शन वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर होतं. भिंतींना लागून काचेची कपाटं, आत दिवे, आणि शिस्तीत फिरणारी माणसं. पण मधल्या कपाटाशी घोळका जमला होता. बारीकरावांनी टाचा उंचावून पाहिलं. जांभळ्या मागे उभा होता. त्याच्या पुढ्यात, काळ्या मखमलीवर, खास दिव्याखाली काकांची कवळी ठेवलेली होती. वरची दातांची ओळ आणि खालची, मध्ये बोटभर अंतर, जणू आता काही बोलणार. शेजारी अध्यक्षांच्या वळणदार अक्षरात चिठ्ठी होती: 'शत्रूचा जबडा. पूर्णाकृती.' आणि चिठ्ठीला सोनेरी फीत लावलेली होती. परीक्षक येऊन गेले होते. उत्कृष्ट सुट्या भागाचं बक्षीस जाहीर झालं होतं.

"हिरडीचा रंग बघा," विमान चालवणारे गृहस्थ कुणाला तरी समजावत होते. "एक रंग नाही तो. कडेला फिका होत गेलाय."

"आणि पुढचा तो डावा दात," शेजारची बाई म्हणाली. "किंचित तिरका आहे ना, त्याने जिवंतपणा आलाय."

बारीकराव घोळक्याच्या मागे खिळल्यासारखे उभे राहिले. तो डावा दात त्यांनी मुद्दाम तिरका लावला होता. काकांच्या जुन्या बँडच्या फोटोत तो तसा होता, म्हणून. काकांना त्यांनी ते सांगितलं नव्हतं, डॉक्टरीणबाईंनाही नाही. बावीस वर्षांत त्यांनी काही हजार माणसांना दात दिले, पण चांगली कवळी म्हणजे कुणाच्या लक्षात न येणारी कवळी. ती चांगली झाली की माणूस पुन्हा फिरकत नाही, आणि वाईट झाली की रोज येतो. त्यांच्या कामाकडे कुणी थांबून, वाकून, दिव्याखाली पाहिलंय, असं आजवर घडलं नव्हतं. मग त्यांना घड्याळ दिसलं. चार वाजून गेले होते.

अध्यक्ष हातात पांढरे मोजे घालून पुढे आले आणि त्यांनी बारीकरावांचा हात हातात घेऊन अभिनंदन केलं. हा भाग कुठल्या कंपनीने काढला, आपल्या यादीत तर कुठेच नव्हता, असं त्यांनी विचारलं. सगळे वळून पाहू लागले. या घटकेला बारीकरावांना वाटेल ते सांगता आलं असतं. जपानहून मागवला म्हणाले असते तरी खपलं असतं. त्यांच्यामागे काका वाडगा धरून उभे होते.

"कुठल्या कंपनीने नाही," बारीकराव म्हणाले. "ही कवळी आहे. या काकांची. मी कवळ्या बनवतो. मेडिकल मॉडेलिंग वगैरे काही नाही, दाताच्या दवाखान्यात मागच्या खोलीत बसतो. डब्यांची अदलाबदल झाली. काकांना सहा वाजता क्लॅरिनेट वाजवायचंय, तेव्हा ती मला परत द्या."

वकील खाली वाकून पुन्हा एकदा कवळी पाहू लागले.

"म्हणजे हे तुम्ही हाताने केलंत?" त्यांनी विचारलं.

"हो."

"आणि आम्ही सगळे नुसतं विकत आणतो," वकील म्हणाले, आणि सरळ होऊन त्यांनी बारीकरावांशी पुन्हा हात मिळवला, मघाच्यापेक्षा जास्त वेळ.

अध्यक्षांपुढे मात्र वेगळीच अडचण होती. बक्षीस मिळालेली वस्तू रविवारी संध्याकाळी पाचपर्यंत जागची हलवायची नाही, हा नियम होता आणि तो त्यांनीच केला होता. चेहऱ्यावरून त्यांची तगमग दिसत होती. तेव्हा काका पुढे झाले आणि बराच वेळ काहीतरी बोलले. सगळ्यांनी बारीकरावांकडे पाहिलं.

"काका म्हणतायत, नियम बरोबर आहे," बारीकरावांनी सांगितलं. "ते म्हणतायत, कार्यक्रमापुरती द्या. कार्यक्रम झाला की ते स्वतः आणून देतील. त्यांना उद्या तसंही कुठे जायचं नाहीये."

अध्यक्षांच्या जिवात जीव आला. त्यांनी नोंदवही काढली, वस्तू बाहेर नेण्याचं कारण म्हणून 'वादन' असं लिहिलं, काकांची सही घेतली आणि मखमलीवर एक नवी चिठ्ठी ठेवली: 'जबडा कार्यक्रमात आहे. रात्री परत येईल.' बक्षीसपात्र वस्तूसोबत समितीचा एक तरी सदस्य असावा, असंही त्यांच्या नियमात होतं. म्हणून ते स्वतः निघाले. ते निघाले म्हणून वकील निघाले, आणि वकील निघाले म्हणून आणखी चौघं.

वाचनालयाच्या बेसिनवर बारीकरावांनी कवळी साबणाने दोनदा घासून धुतली. काकांनी तोंड फिरवून ती बसवली, ओठ मिटले, जीभ फिरवली. कोपरा टोचतोय का, असं बारीकरावांनी विचारलं.

"अजिबात नाही," काका म्हणाले. इतका स्वच्छ आवाज ऐकून अध्यक्ष एक पाऊल मागे सरले.

सभागृहात संग्राहक पहिल्या रांगेत बसले आणि सहाही जण काकांच्या तोंडाकडे टक लावून पाहू लागले. कंडक्टरने वळून एकदा त्यांच्याकडे शंकेने पाहिलं. मग काका उभे राहिले. वाद्याचं तोंड त्यांनी वरच्या दातांवर टेकवलं. बारीकरावांना तेवढंच दिसत होतं, की त्या किंचित तिरक्या दाताच्या शेजारी ते बरोबर बसलं. सूर निघाला. आधी बारीक, मग भरत गेला, मग सभागृहभर झाला. बारीकरावांना गाण्यातलं फारसं कळत नसे. आपल्या हातून गेलेली गोष्ट पुढे काय करते, हे ते आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते. त्यांनी रुमाल शोधला. खिशात ब्रश होता, सुती मोजे होते, रुमाल नव्हता. शेजारच्या अध्यक्षांनी आपला एक पांढरा मोजा काढून दिला.

शेवटी काका बोलायला उभे राहिले. त्यांनी कंडक्टरचे आभार मानले, काकूंचे मानले, नोटेशनची पानं लावणाऱ्याचे, दिवे लावणाऱ्याचे आणि टॅक्सीवाल्याचेही मानले. मग म्हणाले, "आणि ज्यांनी मला पुन्हा तोंड दिलं, ते पहिल्या रांगेत बसलेत. त्यांनी जरा उभं राहावं." बारीकराव उठायला तयार नव्हते. त्यांना वकिलांनी एका बाजूने आणि अध्यक्षांनी दुसऱ्या बाजूने धरून उभं केलं.

कार्यक्रम संपल्यावर काकांनी विंगेत जाऊन कवळी काढली, धुतली, निळ्या डबीत ठेवली आणि अध्यक्षांच्या स्वाधीन केली. उद्या रविवार आहे, आजचा दिवस राहू दे, घालूनच घरी जा, असं म्हणायला अध्यक्षसुद्धा तयार झाले होते. पण काका ऐकेनात. प्रदर्शनाला किती लोक येतात, असं त्यांनी विचारलं. चार-पाचशे, असं समजल्यावर ते खूश झाले. आपल्याला ऐकायला आज जेमतेम दीडशे होते, म्हणाले.

रविवारी सकाळी बारीकराव बायकोला घेऊन गेले, तर मधल्या कपाटासमोर रांग होती. अध्यक्षांनी चिठ्ठी बदलली होती. आता तिच्यावर कवळी असं स्पष्ट लिहिलेलं होतं आणि खाली बारीकरावांचं संपूर्ण नाव होतं. बायकोने ते दोनदा वाचलं आणि त्यांच्या कोटाची कॉलर नीट केली. डॉक्टरीणबाईही रांगेतच होत्या. त्यांनी काचेला नाक लावून तिरका दात पाहिला, मग बारीकरावांना म्हणाल्या की संध्याकाळी पाचनंतर लॅब रिकामीच असते, तेव्हा घरचं काम करायला हरकत नाही. भिंतीवरचा कागद त्या उद्या बदलून टाकतील.

आणि कपाटाशेजारी, काळा कोट आणि बो घालून, काका उभे होते. सोबत काकू, काकूंच्या दोन बहिणी आणि वाद्यवृंदातले नऊ जण. प्रत्येक येणाऱ्याला काका कपाटाकडे बोट दाखवून काहीतरी सांगत होते. लोकांना शब्द कळत नव्हते, अर्थ मात्र कळत होता: माझे आहेत.

काकूंनी बारीकरावांना हाताला धरून पुढे आणलं आणि फोटोसाठी कपाटाच्या एका बाजूला उभं केलं. दुसऱ्या बाजूला काका. मोबाइल डॉक्टरीणबाईंच्या हातात होता. त्यांनी दोघांना हसायला सांगितलं. काका मोकळ्या तोंडाने, हिरड्या दाखवत हसले, आणि ते बघून बारीकरावांनाही हसू आवरलं नाही.

तो फोटो आता दवाखान्याच्या रिसेप्शनवर लावलेला आहे. त्यात तिघं हसताना दिसतात: एका बाजूला बारीकराव, दुसऱ्या बाजूला काका आणि मध्ये काचेमागे कवळी. सगळ्यात छान हसू कवळीचं आलंय, असं येणारे पेशंट म्हणतात, आणि काकांनाही ते पटतं.